रंग बदलणारी वेणी आणि कर्जाचा एक अर्ज

गेल्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाचा एक अर्ज आला. त्या एका अर्जापायी आम्हाला केस, डाय, मेंदी आणि थेट अमेरिकेतली प्रयोगशाळा इतक्या सगळ्याची माहिती गोळा करावी लागली. तसला अर्ज उद्या तुमच्याही गटात येऊ शकतो, म्हणून आज त्याविषयी बोलायचं.

अर्ज 15,000 रुपयांचा. करणाऱ्या ताई शिलाईकाम करतात, आजवर एक हप्ता चुकवलेला नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘एजन्सी घेणे’. कसली एजन्सी, असं अध्यक्षांनी विचारलं, तर ताईंनी मोबाईल पुढे केला. डोक्याला बांधायचा एक पट्टा. बॅटरीवर चालणारा. डाय नाही, केमिकल नाही, रोज पंधरा मिनिटं बांधायचा आणि सात दिवसांत पांढरे केस काळे! दहा पट्ट्यांचे पैसे आधी भरायचे, मग तालुक्याची एजन्सी आपली. जाहिरातीसोबत एक व्हिडिओही होता. त्यात एक परदेशी मुलगी आपल्या वेणीला हात लावते आणि बघता बघता वेणीचा रंग बदलतो. बायका बघतच राहिल्या. खरं सांगायचं तर आम्हीही.

हसून सोडून देण्यासारखं हे नव्हतं, कारण ताई काही लोभापायी मागत नव्हत्या. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचं काय झालं ते साऱ्या गावाला माहीत आहे. पुतणीच्या हळदीच्या आदल्या रात्री त्यांनी बाजारातली पाकिटातली ‘काळी मेंदी’ लावली. याआधी दोनदा लावली होती, तेव्हा काहीही त्रास झाला नव्हता. या वेळी मध्यरात्री डोक्याला खाज सुटली, पहाटे कानांमागे पाणी यायला लागलं, उजाडेपर्यंत दोन्ही डोळे सुजून बंद. ग्रामीण रुग्णालयात इंजेक्शनं झाली, चार दिवस अंथरुणावर गेले. सख्ख्या पुतणीच्या लग्नाच्या एकाही फोटोत त्या नाहीत. “बिनकेमिकलचं काही निघालं असेल तर बायांचं भलंच होईल की,” असं ताई म्हणाल्या, त्यावर कोण काय बोलणार? अध्यक्षांनी निर्णय पुढच्या बैठकीवर टाकला आणि आम्हाला सांगितलं, “ताई, तुम्ही खरं-खोटं करून आणा.”

आम्ही तिघी सहयोगिनी, तिघीही बी.ए. विज्ञानाशी दहावीनंतर संबंध सुटलेला. हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं, रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमना विचारलं, रात्री बसून वाचलं.

आधी त्या पाकिटाबद्दल. केस पक्के काळे करणाऱ्या बहुतेक डायमध्ये एक रसायन असतं, त्याचं लांबलचक नाव पॅराफिनिलिनडायअमाइन, डॉक्टर त्याला थोडक्यात ‘पीपीडी’ म्हणतात. गंमत अशी की हे रसायन स्वतः काळं नसतं. त्याचे कण इतके बारीक की केसाच्या आत शिरतात. दुसऱ्या पुडीतलं किंवा बाटलीतलं औषध त्यात मिसळलं की आत गेलेले हे बारीक कण एकमेकांना जोडले जातात, मोठे होतात आणि काळे पडतात. मोठे झाल्यामुळे मग ते बाहेर निघू शकत नाहीत. पाटीत कोंबडीचं पिल्लू शिरावं, आतच त्याची कोंबडी व्हावी आणि मग तिला दारातून बाहेर पडता येऊ नये, तसं. म्हणून डाय धुतल्याने जात नाही.

पण हेच बारीक कण कातडीतही शिरतात. काही जणींचं शरीर त्यांना शत्रू म्हणून ओळखून ठेवतं. पहिल्या वेळी शरीर नुसती ओळख करून घेतं, भांडण दुसऱ्या, तिसऱ्या किंवा दहाव्या वेळी काढतं. जाऊबाईंना ‘आधी दोनदा काही झालं नाही, मग आताच कसं?’ हा प्रश्न छळत होता, त्याचं उत्तर हे. आणि एकदा वैर धरलं की ते सहसा जन्मभर टिकतं. लग्नसराईत ‘दहा मिनिटांत काळी’ म्हणून हातावर काढायचे मेंदीचे कोन मिळतात, त्यातही पुष्कळदा हेच असतं. मेंदीच्या पाल्याचा स्वतःचा रंग लालसर-केशरी. नुसत्या मेंदीने काळं होत नाही, कधीच नाही. पाकिटावर मेंदीचं पान छापलंय एवढ्यावर जाऊ नका.

आपल्याकडे कायद्याने पीपीडीच्या डायवर सूचना छापावी लागते की आधी कातडीवर चाचणी घ्या आणि हा डाय भुवयांना, पापण्यांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते. ती इतक्या बारीक अक्षरात असते की दुकानातल्या उजेडात वाचता येत नाही. घरी नेऊन उन्हात वाचा. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला कालवलेल्या डायचा ठिपका लावायचा, एक दिवस तसाच ठेवायचा, जमलं तर दोन दिवस बघायचं. खाज, लाली, फोड आला तर ते पाकीट त्या बाईसाठी नाही. प्रत्येक वेळी हे करायचं, मागच्या वेळी केलं होतं म्हणून सोडायचं नाही. आणि एक गोष्ट ठासून सांगतो: डायची पुडी पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. पोटात गेली तर घसा सुजून श्वास कोंडतो, मूत्रपिंडावर परिणाम होतो. मीठपाणी पाजत बसू नका, 108 ला फोन करा आणि पाकीट सोबत न्या.

आता पट्ट्याकडे येऊ. वीज लावून, कंप देऊन केस काळा होईल का? यासाठी केस म्हणजे काय ते आधी बघावं लागतं. डोक्यावर दिसणारा केस मेलेला असतो. त्यात रक्त नाही, संवेदना नाही, म्हणून तर कापताना दुखत नाही. जिवंत असतं ते त्याचं मूळ, कातडीच्या आत. तिथे रंग भरणाऱ्या पेशी असतात, त्या मेलॅनिन नावाचा रंग तयार करतात आणि केस वाढत असतानाच त्यात भरतात. आपल्या कातडीला रंग देतं तेच हे मेलॅनिन. वय झालं की त्या पेशी दमतात, संपतात, आणि मग केस रंगाविना बाहेर येतो. तो पांढरा. विणून झालेल्या पांढऱ्या साडीत मागाहून काळा धागा येत नाही, तसा बाहेर आलेल्या केसात मागाहून मेलॅनिन येत नाही. वरून रंगवावंच लागतं.

विक्रेता म्हणेल, आमचा पट्टा मुळावर काम करतो. ठीक आहे, घटकाभर मानू. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. सात दिवसांत मुळातून बाहेर येणार तो दोन-अडीच मिलिमीटर, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. म्हणजे पट्ट्याने मुळात चमत्कार जरी केला, तरी हातभर लांब वेणी काळी व्हायला काही वर्षं जातील. ‘सात दिवस’ हा आकडा इथेच उघडा पडतो. हे गणित हायस्कूलच्या बाईंनी फळ्यावर मांडून दाखवलं, तेव्हा आमचा निम्मा प्रश्न सुटला. (तिशीच्या आतच केस भराभर पिकत असतील तर मात्र एकदा रक्त तपासून घ्या. बी-12 कमी असणं, थायरॉईड, अशी कारणं निघू शकतात आणि त्यावर उपचार आहेत.)

मग व्हिडिओतली वेणी? ती खोटी म्हणावी तर डोळ्यांनी पाहिली होती. शोधता शोधता कळलं की तशी वेणी खरंच आहे. फक्त त्या पट्ट्याचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात बर्कली नावाचं गाव आहे, तिथे मोठं विद्यापीठ आहे. तिथल्या प्राध्यापक एरिक पाउलोस यांच्या प्रयोगशाळेत ख्रिस्टीन डायर्क आणि त्यांच्या सोबतिणींनी ही वेणी केली. नाव ठेवलं ‘हेअरआयओ’. 2018 साली स्वीडनच्या स्टॉकहोममधल्या परिषदेत त्यांनी ती मांडली. अंगावर घालायची यंत्रं म्हणजे बहुतेक वेळा मनगटावरचं घड्याळ किंवा डोळ्यांवरचा चष्मा. यांनी म्हटलं, बाई रोज केसांशी खेळते, वेणी घालते, मग यंत्र केसांतच का नको?

आणि त्यांनी केलं काय? तर गंगावन! आपल्या आज्या-पणज्या केस विरळ झाले की वेणीत गंगावन गुंफायच्या, तेच. बर्कलीच्या गंगावनाला वरून रंग दिलेला आहे आणि आत एक बारीक तार आहे. स्वतःचा केस तसाच राहतो. ही गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटली, कारण जाहिरातवाला नेमकी तीच झाकत होता. व्हिडिओत रंग बदलतो तो जोडलेल्या केसावरच्या लेपाचा. त्या मुलीच्या डोक्यावरचा स्वतःचा केस होता तसाच आहे.

तो लेप कसा बदलतो, हे समजायला घरातलं तूप पुरे. थंडीत तूप थिजतं, उन्हाळ्यात वितळतं. त्या रंगाच्या कणात, डोळ्यांना दिसणार नाही अशा कुपीत, तीन पदार्थ कोंडलेले असतात: एक रंगाचा, एक आम्ल आणि तिसरा तुपासारखा थिजणारा-वितळणारा. थिजलेल्या तुपात रंग आणि आम्ल एकमेकांना धरून असतात, तेव्हा रंग दिसतो. ऊब लागली की तूप वितळतं, दोघांची फारकत होते आणि रंग नाहीसा होतो. खाली जे असेल ते दिसायला लागतं. गार झालं की तूप थिजतं, पुन्हा जोडी जमते, पुन्हा रंग. गरम चहा ओतल्यावर ज्यावर चित्र उमटतं असा कप तुमच्यापैकी कोणी भेट म्हणून पाहिला असेल. त्यावर हाच रंग असतो.

वेणीत ऊब येते तारेतून. छोटी बॅटरी आणि चिप केसांत लपवलेली असते, वीज सोडली की तार तापते. तारही साधी नाही, नायटिनॉल नावाच्या मिश्रधातूची, निकेल आणि टायटॅनियमची. तिला आधी जो आकार शिकवलेला असतो तो तापल्यावर तिला आठवतो आणि ती त्या आकाराला जाते. त्यामुळे वेणी वळतेही. दात सरळ करायला डॉक्टर ज्या तारा बसवतात, त्यांतल्या बऱ्याच याच धातूच्या असतात. वेणीला बोट लागलं की ते तिला कळतं, मोबाईलच्या काचेला कळतं तसंच, आणि मोबाईलवरून तिला बिनतारी इशाराही देता येतो. एखाद्या मैत्रिणीचा निरोप आला की वेणीने हळूच मान हलवावी, अशा त्यांच्या कल्पना.

आम्हाला कौतुक वाटलं. पण घरी बसून विचार केला तेव्हा आमच्या डोक्यात आमचेच प्रश्न आले. असले रंग बोटाच्या उबेने बदलावेत म्हणून पुष्कळदा 31 अंशांच्या आसपास बदलतील असे बनवतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा 40 च्या वर जातो! भुईमूग काढायला गेलेल्या बाईची वेणी सकाळी दहालाच रंग टाकून देईल, ती सांज होईपर्यंत परत यायची नाही. शिवाय हे रंग उन्हात लवकर मरतात. बॅटरी रोज चार्ज करायची, आणि आमच्या गावात लोडशेडिंग सांगून येत नाही. काळ्याभोर केसावर असला लेप दिला तर रंग उडाला तरी खाली काळंच, त्यामुळे खालचं गंगावन फिकट लागतं. आणि पांढरा केस झाकणं हे काम ती वेणी करतच नाही. ते करायला ती बनवलेलीच नाही. तरुण मुलींनी गंमत म्हणून, नटायला म्हणून, निरोप पोचवायला म्हणून वापरावी अशी ती वस्तू आहे, आणि तीही प्रयोगशाळेत केलेला नमुना.

जाता जाता गंगावनाचीच एक गोष्ट. विंचरताना निघालेल्या केसांचा गुंता आपण आरशामागे खोचून ठेवतो आणि केसावर भांडी देणारा आला की एका वाटीवर देऊन टाकतो. ते केस सोडवायचा, लांबीप्रमाणे लावायचा मोठा धंदा कर्नाटकात कोप्पळला लागून असलेल्या भाग्यनगरात चालतो. तिथून ते परदेशी टोपांसाठी, गंगावनांसाठी जातात. वाटी मात्र अजून तेवढीच मिळते. यावर एकदा वेगळं बोलू.

डायमधलं रसायन टाळून काळा रंग देता येईल का, यावरही काम चालू आहे. 2018 सालीच शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जियाशिंग ह्वांग यांच्या गटाने ग्राफीनचा लेप करून दाखवला. पेन्सिलीतलं शिसं म्हणतो ते ग्राफाइट, त्याचा अगदी पातळ पापुद्रा म्हणजे ग्राफीन. तो पाण्यात मिसळायचा, त्यात कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारा एक चिकट पदार्थ आणि सी जीवनसत्त्व घालायचं, केसांवर फवारायचं, विंचरायचं, वाळवायचं. केसाच्या आत काही शिरत नाही, वरून झबलं घातल्यासारखा थर बसतो. तीस वेळा धुऊनही तो टिकल्याचं त्यांनी नोंदवलं. 2020 साली त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या गटाने प्रयोगशाळेत केलेल्या मेलॅनिनसारख्या पदार्थाचा थर केसांवर बसवून पाहिला. ऐकायला बरं वाटतं. आमच्या बाजारात मात्र आम्ही यातलं काही पाहिलेलं नाही, त्यामुळे या नावांनी कोणी पुडी विकायला आलं तर घाई करू नका.

पीपीडी नकोच असेल आणि पांढरे केस झाकायचेही असतील, तर आज हाताशी आहे ती जुनीच वाट: आधी मेंदीचा पाला, मग निळीच्या पाल्याची पूड. कपड्याला घालायची नीळ नव्हे हं! एका बैठकीत एका काकूंनी ती डबी काढून दाखवली होती. नीळ म्हणजे झाड, त्याच्या पानांची हिरवट पूड आयुर्वेदिक दुकानात मिळते. मेंदी काही तास ठेवून धुवायची, मग निळीची पूड साध्या पाण्यात कालवून लगेच लावायची, तास-दोन तास ठेवायची. धुतल्यावर केस विचित्र दिसले तर घाबरू नका, रंग एक-दोन दिवसांत गडद होत जातो. दोनदा बसावं लागतं, निम्मा दिवस जातो, आणि डायसारखा सपाट काळा येत नाही, तपकिरी झाक राहते. पाकिटावर घटकांत फक्त पाल्यांची नावं हवीत. ठिपक्याची चाचणी इथेही घ्यायची, पाला कोणाला चालत नाही असंही होतं.

पुढची बैठक झाली. आम्ही हे सगळं मांडलं. ताई गप्प होत्या. मग त्याच म्हणाल्या, “फोन लावून विचारू या तरी.” स्पीकरवर टाकला. आम्ही ठरवून ठेवलं होतं की एकच मागायचं. पोलक्याच्या कापडाच्या काळ्या तुकड्यावर अध्यक्षांनी स्वतःच्या वेणीतले पाच पांढरे केस कापून ठेवले होते. केस डोक्यावर असला काय अन् कापडावर असला काय, मेलेला तो मेलेलाच, मग तुमच्या पट्ट्याने याला काळं करून दाखवा, आम्ही लगेच पैसे भरतो. पलीकडचा माणूस म्हणाला, “मॅडम, तो जिवंत केसावरच चालतो.” आमच्या एक मावशी मागून ओरडल्या, “मग माझ्या डोक्यावर चालवा की, या गावात! सात दिवस जेवण माझ्याकडं.” तो म्हणाला, आधी निम्मे तरी पैसे पाठवा, स्कीम आज रात्री बंद होतेय. सचिवांनी पावती मिळेल का, कंपनीचा पत्ता काय, असं विचारलं. फोन कट झाला. नंतर लागला नाही.

अर्ज फेटाळला नाही. ताईंनी तो मागून घेतला, कारणाच्या रकान्यातलं खोडलं आणि वर लिहिलं, ‘पिको-फॉल मशीन’. रक्कम तीच. व्याज गटाच्या नियमाने शेकडा दोन. इतिवृत्तात खोडलेल्या जागी अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या आहेत.

जाऊबाई त्या दिवशी बैठकीला आल्या होत्या. डॉक्टर मॅडमनी त्यांच्या केसपेपरवर लाल शाईने ‘पीपीडीची ॲलर्जी’ असं लिहून दिलंय, त्याची झेरॉक्स त्यांनी पर्समध्ये ठेवलीय, पुढच्या लग्नात कोणी हातावर कोन धरलाच तर दाखवायला. केस आता कानांपर्यंत पांढरे आलेत, खाली जुना डाय. येत्या रविवारी ताई त्यांना मेंदी आणि नीळ लावून देणार आहेत. कोपरावरचा ठिपका बघून झालाय, काही उठलेलं नाही.